पडद्यावरचा नकाशा आणि पाण्याखालचे खडक

२९ नोव्हेंबर २०१४ च्या रात्री मॉरिशसच्या ईशान्येस कारगाडोस काराजोसच्या प्रवाळखडकांवर ‘टीम वेस्टास विंड’ ही शर्यतीची शिडाची नौका आदळली. केपटाऊनहून अबुधाबीकडे निघालेल्या या नौकेवर अद्ययावत यंत्रे होती. नऊही खलाशी सुखरूप वाचले, पण नौका मोडली. पडद्यावरचा नकाशा फारच लहान प्रमाणात पाहिला गेला आणि त्या प्रमाणात खडकांचा धोका लक्षात आला नाही, हे एक मुख्य कारण निघाले. नकाशा मोठा केला की तेच खडक स्पष्ट दिसतात.

हौसेने बोट चालविणारे लोक आता जीपीएस, खोली मोजणारे यंत्र आणि संगणकावरील नकाशे सर्रास वापरतात. बोटीच्या वायरिंगचे, बॅटरीचे काम करणाऱ्या आपल्या कारागीर बांधवांना यात चांगले काम आहे. मात्र यंत्र बसवून मोकळे होऊ नये, ते पारखून द्यावे.

जीपीएस उपग्रहांच्या संदेशांवरून आपली जागा सांगते. मे २००० पर्यंत अमेरिका नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम चूक ठेवीत असे, त्यामुळे सुमारे १०० मीटरचा फरक पडे. आता तो काही मीटरवर आला आहे. पण जागा अचूक असली तरी नकाशा अचूक असेलच असे नाही. जुन्या मोजणीवरून काढलेला नकाशा रंगीत पडद्यावर आला म्हणून नवा होत नाही. ‘ओपन-सीपीएन’ हा प्रोग्राम संगणकावर फुकट चालतो, पण त्यात घालायचे नकाशे वेगळे मिळवावे लागतात.

पारख अशी करावी :

१) बोट धक्क्याला बांधून यंत्र चालू करावे. पडद्यावर बोट धक्क्यालाच दिसते की जमिनीवर, ते पाहावे.

२) शिशाचे वजन बांधलेल्या दोरीने खोली मोजून यंत्राच्या आकड्याशी ताडावी. यंत्र आपल्या तबकडीपासून खाली मोजते, तर नकाशातील खोली ओहोटीच्या नीचतम पाण्यापासून धरलेली असते. हा फरक गिऱ्हाइकास समजावून सांगावा.

३) यंत्र चालू-बंद करताना होकायंत्राची सुई हलते का, ते पाहावे. हलल्यास यंत्र किंवा त्याची वायर दूर न्यावी. स्पीकरमध्ये चुंबक असतो, हे विसरू नये.

४) प्रत्येक यंत्रास वेगळा फ्यूज द्यावा. इंजिन सुरू करताना बॅटरीचा दाब उतरून पडदा बंद पडतो का, तेही तपासावे.

५) मोबाईलचे जीपीएस नेटवर्कशिवाय चालते, पण नकाशा आधीच उतरवून घ्यावा लागतो. भर उन्हात पडदा दिसत नाही आणि ओल्या बोटांना तो नीट दाद देत नाही.

या पारखीसाठी पाण्यावर एक फेरी मारावी लागते. तिचे पैसे बिलात आधीच धरावेत. शेवटी गिऱ्हाइकाच्या हातात यंत्र देताना एक गोष्ट त्याच्याकडून करून घ्यावी : जायचा मार्ग सुरुवातीपासून शेवटपर्यंत, नकाशा मोठा करून, बोटीत बसण्यापूर्वी एकदा तपासणे. वीज गेली तर उपयोगी पडावेत म्हणून होकायंत्र व कागदी नकाशा बोटीत असू द्यावा.