पुरवठा साखळीतील अप्रत्यक्ष पुरवठादार : एक आकलन

उद्योगाला कच्चा माल वा सुटे भाग थेट विकणारा तो प्रत्यक्ष पुरवठादार होय. त्याला माल देणारा दुसऱ्या स्तरावरचा, त्यालाही देणारा तिसऱ्या स्तरावरचा. हे सर्व अप्रत्यक्ष पुरवठादार ठरतात. खरेदीचा करार पहिल्या स्तराशीच होत असल्याने पुढील स्तरांची नोंद उद्योगाच्या दप्तरी बहुधा नसते.

11 मार्च 2011 रोजी जपानमध्ये झालेल्या भूकंप व त्सुनामीने या अज्ञानाची किंमत दाखवून दिली. मोटारीच्या रंगाला चकाकी देणारे ‘झिरॅलिक’ हे रंगद्रव्य मर्क या जर्मन कंपनीच्या, फुकुशिमा प्रांतातील ओनाहामा येथील एकाच कारखान्यात तयार होत असे. तो बंद पडताच फोर्डला काही काळ्या व लाल छटांच्या वाहनांची मागणी स्वीकारणे थांबवावे लागले. वाहन कंपन्यांचे रंग उत्पादक निरनिराळे होते. या रंगद्रव्याचा उगम मात्र एकच होता.

पुरवठा साखळी पिरॅमिडसारखी, खाली रुंदावत जाणारी मानली जाते. या अनुभवानंतर अभ्यासकांनी तिला हिऱ्याची उपमा दिली : मध्यभागी रुंद, तळाशी पुन्हा निमुळती. अशा साखळीत दोन प्रत्यक्ष पुरवठादार नेमल्याने मिळणारी सुरक्षितता पुष्कळदा आभासीच असते. जर्मनीतील मार्ल येथे 31 मार्च 2012 रोजी इव्होनिकच्या कारखान्यात स्फोट झाला, तेव्हा वाहनांच्या इंधन व ब्रेक नळ्यांना लागणाऱ्या नायलॉन-12 ची जगभर टंचाई निर्माण झाली, हे याच प्रकारचे उदाहरण.

येथे वाणिज्य शाखेत शिकविल्या जाणाऱ्या अ-ब-क विश्लेषणाची मर्यादा लक्षात येते. ते वार्षिक खरेदीमूल्यावर आधारलेले आहे. रंगद्रव्याचे मूल्य मोटारीच्या किमतीत नगण्य, आणि ते वाहन कंपनीच्या खरेदीयादीत मुळी येतच नाही. वस्तूच्या अपरिहार्यतेवर आधारलेले वर्गीकरण अधिक उपयुक्त खरे, पण तेही उद्योगाच्या स्वतःच्या यादीपुरतेच.

माहिती विचारून मिळत का नाही? आपला पुरवठादार उघड केला तर ग्राहक आपल्याला वगळून थेट त्याच्याकडे जाईल किंवा भाव पाडून मागेल, ही प्रत्यक्ष पुरवठादाराची भीती निराधार नाही. 2011 नंतर टोयोटाने खालच्या स्तरांची माहिती संकलित करणारी ‘रेस्क्यू’ ही प्रणाली उभारली. अशा संकलनात पुरवठादाराच्या नावापेक्षा त्याच्या कारखान्याचे ठिकाण महत्त्वाचे असते, कारण आपत्ती ठिकाणावर येते. आणि ही माहिती भावाच्या वाटाघाटीत वापरली जाणार नाही, अशी लेखी हमी दिल्याशिवाय ती पूर्णपणे हाती येण्याची शक्यता कमीच.