नादयंत्रांचे युग – लेखांक नववा : पहाटेसाठी रचलेले संगीत

मागील लेखांकात शिकागोच्या नृत्यगृहांत जन्मलेल्या ॲसिड हाउसचा परिचय करून देताना रोलँड कंपनीच्या टीबी-३०३ या यंत्राची हकीकत आपण १९८७ सालापर्यंत आणून ठेवली होती. एकट्याने रियाज करणाऱ्या गिटारवादकाला बास गिटारची साथ मिळावी, एवढ्याच माफक हेतूने तदाओ किकुमोतो यांनी सिद्ध केलेले, त्या हेतूच्या कामी सपशेल अपयशी ठरलेले आणि अल्पावधीतच कारखान्यातून कायमचे बाद झालेले हे चंदेरी, चपटे यंत्र जुन्या सामानाच्या दुकानांतून मिळेल त्या किमतीला विकले जाऊ लागले, तेव्हा ते ज्यांच्या हाती पडले त्यांनी त्याच्याकडून गिटारची नक्कल करवून घेण्याचा नाद सोडला आणि त्याच्या अंगी मुळातच असलेला चिरका, ओलसर, वळवळता आवाज मोकळा केला. तो आवाज पुढे ज्या संगीताच्या केंद्रस्थानी जाऊन बसला त्या सायकेडेलिक ट्रान्सचा, आणि विशेषेकरून सायमन पोसफर्ड या इंग्रज संगीतकाराच्या रचनांचा, विचार या लेखांकात करावयाचा आहे. हे संगीत साऱ्या जगात गोव्याच्या नावाने ओळखले जात असताना गोव्याला खेटून राहणाऱ्या मराठी वाचकाला मात्र त्याची ओळख बहुधा पोलिसांच्या छाप्यांच्या बातम्यांतूनच झालेली असते, ही गोष्ट मला फार दिवस सलत आली आहे.

१९६१ साली गोवा मुक्त झाला, आणि त्या दशकाच्या अखेरीस युरोपातून खुष्कीच्या मार्गाने निघालेले, इस्तंबूल, काबूल, काठमांडू अशी मजल दरमजल करीत आलेले तरुण बार्देशातील हणजुणे, वागातोर, शापोरा या गावांच्या किनाऱ्यावर हिवाळा काढू लागले. प्रथम त्यांच्या चांदण्या रात्रींना गिटारची आणि रॉक संगीताची सोबत होती. परंतु ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धात लोराँ नावाच्या एका फ्रेंच गृहस्थाने आणि त्याच्या बरोबरीच्या काहींनी युरोपातून मागविलेल्या यांत्रिक संगीताच्या फिती वाजविण्यास प्रारंभ केला. त्या फिती ते जशाच्या तशा वाजवीत नसत. बेल्जियमच्या फ्रंट २४२ सारख्या मंडळींच्या गाण्यांतील शब्द कापून टाकायचे, केवळ वाद्यांचा भाग उचलून तो पुन्हा पुन्हा जोडायचा, आणि अशा रीतीने पाच मिनिटांच्या गाण्यातून दहा मिनिटांचे निःशब्द, अखंड वादन तयार करायचे, असा हा उद्योग होता. पहाटेपर्यंत नाचणाऱ्या माणसाला शब्द अडखळवितात, हा शोध त्यांना वाळूवरच लागला. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातून आलेला, साधूंच्या सहवासात राहिलेला आणि २०२३ साली निवर्तलेला गोवा गिल हा त्याच मंडळींपैकी सर्वांत ख्यातनाम झाला.

येथे एका क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूकडे लक्ष वेधले पाहिजे. पाश्चात्त्य नृत्यगृहांत तबकडी हेच साधन होते. परंतु गोव्याच्या उन्हात आणि धुळीत तबकडी वाकडी होते, तिच्या खाचांत वाळू शिरते. म्हणून १९८७ साली बाजारात आलेली डॅट ही अंकीय फीत येथे चटकन रुजली. काडेपेटीहून थोडी मोठी अशी ही फीत खिशात मावे, आवाज स्वच्छ देई. परंतु तबकडीची गती जशी बोटाने कमीअधिक करता येते, तशी साध्या डॅट यंत्रात करता येत नसे. त्यामुळे दोन रचनांचे ठोके जुळवून त्या एकमेकींत मिसळण्याची जी कारागिरी लंडन-न्यूयॉर्कमध्ये प्रतिष्ठा पावली होती, तिला येथे फारसा वाव उरला नाही. एक रचना जवळजवळ संपूर्ण वाजायची आणि मगच दुसरी सुरू व्हायची. साधनाच्या या मर्यादेने संगीताचा आकारच ठरविला, असे माझे मत आहे. सात, आठ, नऊ मिनिटांची, स्वतःचा आरंभ, विस्तार आणि अखेर असलेली रचना करणे या संगीतकारांना भाग पडले. शिवाय अप्रकाशित रचना हातोहात देण्याचा रिवाज पडला. लंडनच्या एखाद्या खोलीत गेल्या महिन्यात तयार झालेली चीज कोणत्याही दुकानात येण्यापूर्वी हणजुण्याच्या माडांखाली वाजत असे. या वर्तुळाचा भूमिगतपणा पोलिसांपासून लपण्यात होता त्यापेक्षा या देवघेवीत अधिक होता, कारण जाहिरात नाही, तिकीट नाही, आणि कोणाच्या हाती कोणती फीत आहे हे वर्तुळातल्यालाच ठाऊक.

या देवघेवीच्या लंडनकडील टोकाला सायमन पोसफर्ड होता. १९७१ सालचा त्याचा जन्म. किलिंग जोक या वाद्यवृंदातील मार्टिन ग्लोव्हर, ज्याला सारे यूथ या नावाने ओळखतात, त्याच्या बटरफ्लाय स्टुडिओत हा ऐन तारुण्यात ध्वनिमुद्रणाच्या कामाला लागला. यूथने स्थापन केलेली ड्रॅगनफ्लाय ही कंपनी गोव्याच्या या संगीताची इंग्लंडमधील पहिल्या फळीतील पेढी ठरली, आणि तिनेच १९९५ साली पोसफर्डचा ‘ट्विस्टेड’ हा संग्रह हॅल्युसिनोजेन या त्याने धारण केलेल्या नावाने प्रसिद्ध केला. ‘द लोन डिरेंजर’ हा दुसरा संग्रह १९९७ चा. दुसऱ्यांच्या ध्वनिमुद्रणांची मिश्रणे करण्यात हात मुरलेला असल्यामुळे ध्वनीच्या थरांची जी जाण अन्य संगीतकारांना उशिरा आली, ती याच्या पहिल्याच संग्रहात पूर्णत्वाला पोचलेली दिसते.

त्या थरांची रचना जरा जवळून पाहू. मिनिटाला सुमारे १४५ ठोके ही या संगीताची सर्वसाधारण लय. प्रत्येक ठोक्यावर यांत्रिक ढोलाचा एक ठणठणीत आघात पडतो, आणि एका ठोक्याचे चार समान भाग केले तर पहिला भाग ढोलाचा आणि पुष्कळदा उरलेले तिन्ही भाग बासच्या खर्ज स्वराचे असतात. यांतील प्रत्येक भाग सेकंदाच्या जेमतेम एक दशांश एवढा. ढोल आणि बास यांचे क्षेत्र एकच, म्हणजे अगदी खालचा खर्ज. दोघे एकाच क्षणी वाजले तर नुसता गदारोळ होतो. म्हणून बासचा स्वर ढोलाची शेपटी विरण्यापूर्वी येता कामा नये आणि पुढच्या आघाताआधी पूर्णपणे मिटला पाहिजे. एवढ्याशा अवकाशात तो किती मिलिसेकंद जगावा, याचा हिशेब करण्यात या क्षेत्रातील संगीतकार दिवसेंदिवस घालवितात. हा हिशेब साधला की ऐकणाऱ्याला तो घोड्याच्या टापांसारखा अखंड, पुढे खेचणारा वेग म्हणून जाणवतो, आणि बिघडला की पाय जड होतात; कारण काय ते नाचणाऱ्याला सांगता येत नाही.

या पायावर सोळा स्वरांची एक लहानशी आवृत्ती फिरत राहते. तिचे स्वर बदलत नाहीत. बदलतो तो त्या स्वरांचा वर्ण. टीबी-३०३ वर आणि त्याच्या कुळातील अन्य यंत्रांवर कटऑफ आणि रेझोनन्स अशा दोन खुंट्या असतात. स्वराच्या अंगभूत उपस्वरांपैकी किती उंचीपर्यंतचे बाहेर सोडायचे हे पहिली ठरविते. त्या सीमारेषेवरचे उपस्वर किती तीव्र करायचे हे दुसरी. पहिली खुंटी अगदी मिटलेली असताना ती आवृत्ती भिंतीपलीकडून यावी तशी घुमी येते. मग ती इतक्या सावकाश उघडली जाते की बदल होत आहे हे कानाला कळू नये, आणि दीड-दोन मिनिटांनी तीच आवृत्ती लखलखीत, टोकदार होऊन डोक्यावर नाचू लागलेली असते. पोसफर्डची थोरवी अशी की अशा चार-पाच आवृत्त्या तो एकाच वेळी निरनिराळ्या गतीने उघडीत-मिटवीत नेतो, त्यामुळे कोणती पुढे आली आणि कोणती मागे सरली याचा पत्ता लागेपर्यंत सारे दृश्य पालटलेले असते. १९९४ मधील ‘एलएसडी’ ही त्याची रचना या तंत्राचा नमुना म्हणून आजही वाजविली जाते.

मराठी कानाला या संगीताशी नाते जोडण्यास एक खरीखुरी वाट आहे. पाश्चात्त्य संगीताचा प्राण असलेली स्वरसंवादांची हालचाल येथे जवळजवळ नाही. बासचा एक स्वर षड्जासारखा अचल धरलेला असतो आणि बाकीचे सारे त्याच्या आधाराने वर्तते. कोमल ऋषभ, शुद्ध गंधार, शुद्ध मध्यम, पंचम, कोमल धैवत, कोमल निषाद अशी जी स्वरमालिका गोवा ट्रान्सच्या रचनांत वारंवार भेटते, ती आपल्या बसंत मुखारीची आहे, पूर्वांगात भैरव आणि उत्तरांगात भैरवी. या संगीतकारांनी राग शिकून ती घेतली असे मुळीच नाही. पश्चिम आशियाई संगीताच्या मार्गानेही ती त्यांच्यापर्यंत पोचली होती. आणि रागाची बढत जशी काही न घडल्यासारखी भासत असताना घडत असते, तशीच खुंटीच्या फिरण्यातून होणारी ही बढतही उतावळ्या श्रोत्याला मुळीच ऐकू येत नाही.

याच संदर्भात मुंबईचे चरणजित सिंग यांचे नाव घेणे कर्तव्य आहे. चित्रपटसृष्टीत वादक म्हणून हयात घालविलेल्या या कलावंताने १९८२ साली टीबी-३०३ आणि तालयंत्र हाताशी धरून भैरवी, ललत, मालकंस, भूपाळी आदी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसविले. ती तबकडी तेव्हा कोणी फारशी विकत घेतली नाही. २०१० साली तिचे पुनःप्रकाशन झाले तेव्हा जग थक्क झाले, कारण शिकागोच्या पाच वर्षे आधी मुंबईत त्याच यंत्रातून जवळपास तोच नाद निघाला होता. गोव्याच्या किनाऱ्याशी सिंग यांचा धागा जुळत नाही, आणि तो ओढूनताणून जुळवू नये. परंतु त्या यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे, तिच्यातून मींडीचा आभास होतो, आणि एका आधारस्वरावर ते तासन् तास फिरू शकते; हे गुण मुंबईच्या रागवेत्त्या वादकाने प्रथम ओळखावेत, यात मला मोठी सुसंगती दिसते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हे संगीत सुट्या रचनांचे नव्हे, एका सबंध रात्रीचे आहे. वागातोरच्या डिस्को व्हॅलीत किंवा दक्षिण हणजुण्याच्या बांबू फॉरेस्टमध्ये रात्र चढू लागे तेव्हा वाजणारे संगीत गडद, कोरडे, सुरावटीला पारखे असे असावयाचे. मध्यरात्र उलटल्यावर ते अधिकच दाट आणि कधी भयकारी होई. आणि पूर्वेला फटफटू लागताच सुरावटी एकेक करून प्रवेश करीत. नाचणाऱ्यांच्या कडेला गावातल्या बाया चटया अंथरून, पुढ्यात स्टोव्ह आणि रॉकेलचा दिवा घेऊन बसलेल्या असत. परदेशी लोक त्यांना ‘चाय मामा’ म्हणत. थकलेला माणूस त्यांच्या चटईवर टेकून चहा घेई, ऑम्लेट खाई, तेथेच पडून राही आणि उजाडता उजाडता पुन्हा उठून उभा राही. त्या उठण्याच्या क्षणी जी रचना वाजायची तिच्यासाठी संगीतकार जिवाचे रान करीत. ‘ट्विस्टेड’मधील सुरावटींनी ओथंबलेल्या रचना दुपारी चार वाजता ऐकून त्या भडक वाटतात अशी तक्रार करणाऱ्याने त्यांच्या आधी सहा तास काळोख होता हे ध्यानात घेतलेले नसते.

त्या काळोखात अमली पदार्थांचा वावर होता, हे लपविण्यात अर्थ नाही. संगीतकाराने घेतलेल्या नावातच ते उघड लिहिलेले आहे. १९८५ चा कायदा याबाबतीत कडक आहे आणि तो असावा, कारण त्या किनाऱ्यांवर कित्येक तरुण जिवांची माती झाली. परंतु द्रव्य घेतल्यावाचून हे संगीत कळत नाही, हा जो समज त्या वर्तुळातील काही जण अभिमानाने आणि बाहेरचे तिरस्काराने बाळगतात, तो मला साफ अमान्य आहे. वर वर्णिलेली कारागिरी निखळ शुद्धीवर असलेल्या माणसाच्या कानाने आणि चिकाटीने केलेली आहे, आणि तिचा आस्वाद शुद्धीवरच पुरतेपणी घेता येतो.

या रात्रीला पहिला मोठा छेद गेला तो ध्वनिप्रदूषण नियम, २००० अमलात आल्यावर. रात्री १० पासून सकाळी ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मज्जाव झाला. राज्य सरकारला वर्षातील मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत मुभा देण्याचा अधिकार राहिला, त्यापलीकडे नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने हीच मर्यादा कायम केली. हा नियम अन्यायाचा आहे असे मी म्हणणार नाही. ज्यांच्या घराच्या भिंती रात्रभर हादरत, ज्यांची मुले सकाळी शाळेत पेंगत, त्या ग्रामस्थांचे अर्ज-तक्रारी वर्षानुवर्षे दप्तरात पडून होत्या. तथापि त्याच हुकमाने पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाचीही रात्र गेली, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. १९५३ साली भीमसेन जोशींनी सुरू केलेल्या त्या उत्सवात शाली पांघरून बसलेल्या हजारोंना पहाटे ललत किंवा सकाळी तोडी त्याच्या खऱ्या वेळी ऐकावयास मिळे. ते भाग्य आता त्या मंडपात उरले नाही. हणजुण्याची वाळू आणि पुण्याचा मंडप यांत वेष, वय, आचार कशाचेही साम्य नसेल, पण रात्र हाच दोघांचा आकृतिबंध होता, आणि दोघांचेही नुकसान एकाच जातीचे आहे. रागदारीपाशी निदान समयचक्राचे शास्त्र लिहून ठेवलेले आहे. या संगीतापाशी ते नव्हते, म्हणून बंद नृत्यगृहातील दोन तासांच्या मुदतीत बसण्यासाठी ते पुढे पहिल्या मिनिटापासून शिखरावरच राहू लागले. गती वाढली, सावकाशपणा गेला, आणि आज पैशाला पासरी मिळणाऱ्या रचनांपैकी पुष्कळशा मला पहाट न होणाऱ्या रात्रीसारख्या निष्फळ वाटतात.

रात्र जेथे शिल्लक आहे तेथे हे संगीतही टिकून आहे. पोर्तुगालमध्ये १९९७ पासून भरणारा बूम महोत्सव साधारणतः दर दोन वर्षांनी अनेक दिवस अहोरात्र चालतो. पोसफर्डने मात्र दुसरीही वाट धरली. २४ ऑक्टोबर १९९५ चे खग्रास सूर्यग्रहण त्याने भारतात पाहिले. सोबत होता राजा राम या नावाने वावरणारा ऑस्ट्रेलियन बासरीवादक रॉन रॉथफील्ड, जो एकोणिसशे सत्तरच्या आसपास क्विंटेसन्स या वाद्यवृंदात वाजवीत असे. भर दिवसा झालेला काळोख आणि त्यातून परतलेला उजेड या अनुभवावर दोघांनी मिळून एक दीर्घ, संथ रचना केली, आणि तिच्यातून श्पाँगल हा त्यांचा संयुक्त प्रपंच उभा राहिला. ज्या वाचकाला नाचावयाचे नाही, केवळ ऐकावयाचे आहे, त्याने आरंभ तेथून करावा. मग ‘ट्विस्टेड’ पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रम न मोडता आणि शक्य तर दिवस उजाडण्यापूर्वी ऐकावा, व पहिल्या ऐकण्यात सुरावटीच्या मागे न लागता केवळ ढोल आणि बास यांच्यामधील त्या निमिषभराच्या फटीवर कान ठेवावा.

सक्तीची लष्करी सेवा संपवून गोव्यास आलेल्या इस्रायली तरुणांनी हे संगीत आपल्या देशात नेल्यावर त्याचे काय झाले, आणि हैफा शहरातील दोन मित्रांच्या इन्फेक्टेड मशरूम या जोडीने त्यात पाश्चात्त्य अभिजात संगीताचे संस्कार कसे मिसळले, हा विषय मोठा असल्यामुळे तो पुढील लेखांकासाठी राखून ठेवीत आहे.