काळीज झाडावरच राहिलं!

दुबईच्या इंटरनॅशनल सिटीत पत्ता सांगताना गंमत वाटते. कुणी 'चायना'त राहतं, कुणी 'फ्रान्स'मध्ये, कुणी 'मोरोक्को'त. इथल्या इमारतींच्या क्लस्टरना देशांची नावं आहेत. आम्ही 'पर्शिया'वाले. एका बेडरूमचं घर, खाली ग्रोसरी नि कॅफेटेरिया. घरात मी, नवरा आणि दुसरीतला चिरंजीव.

चिरंजीव मराठी झकास बोलतो, पण वाचायची वेळ आली की गाडी अडायची. 'बोलतोय ना, पुष्कळ झालं' असं म्हणून आम्हीही काणाडोळा केला. गेल्या वर्षी मात्र सांगलीला सासूबाईंना ऐकू येणं फारच कमी झालं. यंत्र लावूनही फोनवरचं बोलणं कळेना. व्हिडिओ कॉलवर नातू बडबडायचा आणि त्या नुसत्या हसायच्या. मग त्यांनीच मार्ग काढला. रोज दुपारी नातवाला मराठीत मेसेज लिहू लागल्या. तो मेसेज मी वाचून दाखवायचा, उत्तर त्याने सांगायचं, टाईप मी करायचं. आजी-नातवाच्या मध्ये मी पोस्टमन! एक दिवस त्यांनी विचारलं, 'हे तू लिहिलंस की आईने?' तो प्रश्न माझ्या मनाला लागला.

वाचायला बसवलं खरं, पण कशावर? शाळेत हिंदी असल्यामुळे अक्षरं ओळखीची, म्हणून अंकलिपीचा दोन दिवसांत कंटाळा आला. बोधकथा हातात दिली तर 'यात शेवटी खोटं बोलू नये असंच असणार' म्हणून पुस्तक मिटलं. शेवटी लहानपणी ऐकलेली माकड आणि मगरीची गोष्ट मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहून काढली. एका पानावर दोनच वाक्यं. नदीकाठी जांभळाचं झाड. झाडावर माकड. मगर त्याला पाठीवर बसवून निघते, कारण तिच्या घरी माकडाच्या काळजाची फर्माईश असते. मग नदीच्या मधोमध माकड म्हणतं, 'अगं, काळीज तर झाडावरच राहिलं!'

चिरंजीव अडखळत वाचत होता, तो इथे थांबला. 'आई, माकडाचं कॉलेज झाडावर कसं?'

मला आधी कळेचना. हिंदीच्या सवयीने त्याने 'ळ'चा 'ल' केला होता. काळीजचं झालं 'कालीज' आणि कालीजचं कॉलेज! आमच्या जवळच अॅकॅडेमिक सिटी, तिथे कॉलेजंच कॉलेजं. त्यामुळे त्याला त्यात काही वावगंही वाटलं नाही. हसून हसून पोट दुखलं, पण त्या दिवशी 'ळ' जो पक्का बसला तो बसलाच.

मग एकेक गोष्ट वहीत उतरत गेली. सिंहाला विहिरीत त्याचंच प्रतिबिंब दाखवणारा ससा आला. कावळ्याला गायला लावणारा कोल्हा आला, त्याच्याबरोबर 'ल्ह' आला. कावळ्याच्या 'चोची'तला च 'चिमणी'तल्या च सारखा नाही, हेही तिथेच कळलं. अशा गोष्टींत खरी फजिती शेवटच्या पानावर असते. मध्येच सोडलं तर गंमत हुकते, म्हणून पोर न सांगता शेवटपर्यंत वाचतं. आणि शब्द चुकला तर विनोद कळत नाही, म्हणून मागे जाऊन पुन्हा वाचतं. माझ्या रागावण्याने जे झालं नसतं, ते माकडाने केलं.

एका मैत्रिणीने शंका काढली, 'अगं, अशाने मुलं लबाडी शिकतील.' पण या गोष्टींत युक्ती करतो तो बहुधा दुबळा असतो, समोर जबडा उघडून उभा असतो तो बलवान. जीव वाचवायला डोकं चालवणं म्हणजे लबाडी नव्हे. आणि कोल्ह्याने कावळ्याला फसवलं, तर गोड बोलणाऱ्यापासून सावध राहायला कावळ्याकडून शिकावं!

समोरच्या फ्लॅटमध्ये इजिप्तचं कुटुंब आहे. त्यांच्या मुलीला चिरंजीवाने ऐटीत माकडाची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, 'ही तर आमची गोष्ट. पण त्यात मगर नाही, कासव आहे.' झालं, दोघांची जुंपली! खरं तर दोघंही बरोबर. आपलं पंचतंत्र सहाव्या शतकात इराणच्या खुस्रो अनुशिरवान राजाच्या काळी बर्झूया नावाच्या वैद्याने पहलवी भाषेत नेलं. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने ते अरबीत आणलं. आपले करटक आणि दमनक हे कोल्हे तिथे 'कलीला' आणि 'दिम्ना' झाले आणि ग्रंथालाही तेच नाव मिळालं. मगरीचं कासव झालं, माकडाचं काळीज मात्र झाडावरच राहिलं. म्हणजे ही मंडळी आपल्या कितीतरी आधी पर्शियामार्गे अरबस्तानात येऊन राहिली होती, तीही व्हिसाशिवाय!

आणखी एक गोष्ट आपल्यासारख्या लांब राहणाऱ्यांना आवडेल. मराठीत सगळ्यात आधी छापल्या गेलेल्या मुलांच्या पुस्तकांपैकी एक म्हणजे इसापच्या गोष्टींचं 'बाळबोध मुक्तावली'. ते महाराष्ट्रात नाही, तर तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यात, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात छापलं गेलं. घरापासून दूर मराठी टिकवायला तेव्हाही प्राण्यांच्या गोष्टी कामाला आल्याच होत्या.

तुमच्याही घरी 'बोलतो, पण वाचत नाही' अशी तक्रार असेल, तर एक साधी वही घ्या. पानावर दोन वाक्यं, सुरुवातीला जोडाक्षरं कमी, चित्रं मुलाने काढायची. आळस आलाच, तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर पातळीनुसार मराठी गोष्टी फुकट वाचता येतात. फक्त शेवट आपण सांगून टाकायचा नाही.

परवा सासूबाईंचा मेसेज आला, 'सातचा पाढा पाठ झाला का? लिहून पाठव बघू.' मी स्वयंपाकघरात होते. बाहेर येऊन पाहते तर उत्तर गेलेलं होतं, 'आजी पाढा झाडावर राहीला. ऊद्या आणतो.' ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका, पण अक्षर न् अक्षर त्याचं स्वतःचं.

पाच मिनिटांत सांगलीहून उत्तर आलं. ते वाचून दाखवायला त्याने मला बोलावलंच नाही. एकटाच हसत बसला. मी डोकावून पाहिलं. आजीने लिहिलं होतं, 'बरं. मग तुझे बेसनाचे लाडूही झाडावरच ठेवते. पाढा उतरला की लाडू उतरतील.'