ज्येष्ठांसह नदीकाठी

वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेचा अर्धचंद्राकृती घाट आहे. वृद्ध आईवडिलांना आपण तेथे अवश्य न्यावे. कोवळ्या उन्हातले चालणे शरीराला आणि मनालाही मानवते. मात्र वरच्या अंगाला धोम धरण आहे. विसर्ग सुरू असताना पाण्यात उतरू नये. पायऱ्यांवरील शेवाळ टाळावे, काठीसोबत आपला हातही द्यावा. थंड पाण्याने रक्तदाब एकाएकी वाढू शकतो. म्हणून पोहणाऱ्यांनी आधी हातपाय भिजवावेत, एकट्याने पोहू नये. मधुमेहींच्या पायांची संवेदना मंदावलेली असू शकते. खडा रुतला तरी कळत नाही. त्यांनी पादत्राणे घालूनच पाण्यात उतरावे. जखम असल्यास काठावरच बसावे. परतल्यावर त्यांचे तळवे आपण स्वतः पाहावेत. त्यांना जे दुखले नाही, ते आपल्याला दिसले पाहिजे.