भाकरी तोडता यावी म्हणून

“लग्नाचं बघताय वाटतं?” मुलीच्या जबड्याची शस्त्रक्रिया करायची आहे म्हटलं की निम्म्या नातेवाइकांचा हाच प्रश्न. खरं कारण साधं आहे. तिचा खालचा जबडा पुढे आलेला, त्यामुळे समोरचे दात एकमेकांवर बसत नाहीत. भाकरीचा तुकडाही ती दाढेनंच तोडते.

आम्हाला वाटलं होतं, तारीख घ्यायची आणि दाखल व्हायचं. पण आधी जबड्याची वाढ थांबायला हवी, म्हणून अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत थांबलो. मग दातांना तारा लावल्या, आणि खरी परीक्षा तिथं सुरू झाली. जबडा पुढे असला की खालचे दात आपोआप आत कलतात, दोष थोडा झाकला जातो. तारांनी दात सरळ झाले की तोच दोष उघडा पडतो! दीड वर्ष चेहरा आधीपेक्षा वाईट दिसणार, हे आम्हाला कुणी ठसवून सांगितलं नव्हतं. कॉलेजच्या फोटोत ती मागच्या रांगेत उभी राहू लागली, तेव्हा मीच म्हणाले, काढून टाकूया तारा. ती नाही म्हणाली.

अक्कलदाढा सहा महिने आधी काढल्या, कारण हाड तिथंच कापायचं असतं. छेद तोंडाच्या आतून, हाडं जोडायला टायटॅनियमच्या पट्ट्या. खालचा ओठ काही महिने बधिर राहू शकतो, काहींना थोडा बधिरपणा कायमचाच राहतो. हे वाचून संमतीपत्रावर तिनं स्वतः सही केली. माझा हात थरथरला असता.

“नाकाचंही याच वेळी उरकून घ्या,” ही एका मावशींची सूचना. वरचा जबडाही थोडा पुढे आणायचा आहे. त्यानं नाकाचा आकार बदलू शकतो, म्हणून सूज पूर्ण उतरल्याशिवाय तो विषय नको, असं डॉक्टरांनी सांगितलं.

सासूबाईंना काळजी एकच, “ऊट हेंग माडती?” सहा आठवडे काहीही चावायचं नाही. शेवटी त्यांनीच यादी केली: नाचणीची आंबील (त्यांची अंबली), गाळलेलं सार, पातळ गंजी, ताक. रक्त कमी भरलं म्हणून लोहाच्या गोळ्याही चालू आहेत.

शस्त्रक्रिया दिवाळीच्या सुट्टीत आहे. चकल्या यंदा संक्रांतीला करायच्या, असं तिनं आत्ताच बजावलंय.