नाद कोठें जन्मतो?

पितळी वाद्य म्हटलें कीं नाद पितळेचा वाटतो. वास्तविक तो वादकाच्या ओठांत जन्मतो. वाद्यवृंदांतील ट्रंपेट असो वा देवळांतील तुतारी, फुंकरीनें ओठ थरथरतात आणि नळींतील हवा त्या कंपास बळ देते. ओठ आवळले कीं स्वर चढतो. ट्रंपेटची कळ दाबली कीं हवेची वाट लांबून तो उतरतो.

पालघर जिल्ह्यांतील वारल्यांच्या तारप्यांत मात्र ओठांना थरथरावें लागत नाहीं. वाळल्या भोपळ्यांत फुंकलेली हवा बांबूच्या नळ्यांतील जिभल्या कांपविते आणि ताडपानांचा कर्णा नाद दूर फेकतो. तारपेकरी गालांत सांठविलेली हवा सोडतां सोडतां नाकानें श्वास घेतो. म्हणून फुंक खंडत नाहीं. ती खंडली, तर त्याच्याभोंवतीं फिरणारा नाचही थांबेल.