क्रॅपी : पहिल्या गळाचा मासा

बालकांचे लसीकरण, ज्वर, आहार या विषयांवर या स्मरणिकेत मी पुष्कळदा लिहिले आहे. यंदा ‘दवाखान्याबाहेरचे काही’ लिहावे अशी संपादक मंडळींची इच्छा पडली, म्हणून मासेमारीचा विषय निवडला. तोही आपल्या विश्वामित्री वा नर्मदेतील मासेमारीचा नव्हे, तर अमेरिकेतील एका लहानशा माशाचा. कारण उघड आहे. वडोदऱ्याच्या आपल्या वैद्यक परिवारात ज्यांचे कोणीच अमेरिकेत नाही अशी घरे आता थोडीच उरली आहेत. आपण तेथे दोन-तीन महिने जातो, नातवंडे-पुतणे शाळेतून येऊन पडद्यासमोर बसतात, आपण सोफ्यावर बसतो, आणि दोघांनी मिळून करावे असे काय, हे कोणालाच सुचत नाही. भाषाही अर्धीमुर्धीच जुळते. अशा वेळी गळ टाकणे हा उद्योग फार कामास येतो, कारण त्यात बोलण्याची गरज कमी आणि शेजारी बसण्याची गरज अधिक. मासेमारीने मुलांची एकाग्रता वाढते वगैरे दावा मी करणार नाही. मूल दोन तास उघड्यावर, आपल्याजवळ असते, एवढे मला पुरेसे वाटते.

माझा धाकटा भाऊ टेनेसी राज्यातील मेंफिस येथे असतो. त्याच्या नऊ वर्षांच्या मुलासह मी हा छंद आरंभिला, आणि नवशिक्याने कोणत्या माशापासून आरंभ करावा याचे तेथील जाणत्यांचे उत्तर मला पटले : क्रॅपी. (उच्चार पुष्कळ ठिकाणी ‘क्रॉपी’ असा होतो, लुइझियानात यासच फ्रेंच वळणाने ‘साकाले’ म्हणतात.) हा उत्तर अमेरिकेचा मूळ रहिवासी. याच्या दोन जाती आहेत, पांढरा व काळा. शास्त्रीय नावे अनुक्रमे पोमॉक्सिस ॲन्युलॅरिस व पोमॉक्सिस निग्रोमॅक्युलॅटस. रंगावरून ओळखू गेल्यास फसगत होते, कारण पाण्याप्रमाणे रंग पालटतो. पाठीवरच्या पराचे टोकदार काटे मोजावेत : पाच-सहा असल्यास पांढरा, सात-आठ असल्यास काळा. माझ्या पुतण्यास या मोजणीचाच अधिक आनंद होतो. मासा वीतभर, फार तर वीत-दीड वीत लांबीचा, वजनास बहुधा अर्ध्या किलोच्या आत. मुलाच्या हातास झेपेल असा, थव्याने राहणारा, आणि थवा सापडला की एकामागून एक लागणारा. नवशिक्यास पहिल्या दिवशी काहीतरी मिळणे अगत्याचे असते.

सामग्री थोडी पुरते. पावणेदोन मीटरची हलकी लवचिक काठी, साधे रीळ, चार ते सहा पौंड ताण सोसणारा बारीक दोरा, तरंगता बॉबर आणि बारीक तारेचा गळ. ‘ॲबरडीन’ नावाने मिळणारे पातळ तारेचे गळ मुद्दाम घ्यावेत. क्रॅपी बुडालेल्या फांद्या-खोडांच्या आश्रयास राहतो, त्यामुळे गळ लाकडात अडकणे नित्याचेच. पातळ तार सावकाश ओढल्यास सरळ होऊन सुटते, मग बोटांनी पुन्हा वाकवून घ्यावी. आमिष म्हणून मिनो नावाची जिवंत चिमुकली मासळी लावतात. ते ज्यांच्या जिवावर येते त्यांनी जिग घ्यावे. हा वजनदार डोक्याचा, पिसांची वा मऊ प्लॅस्टिकची शेपटी लावलेला गळ असतो. एक ते दोन ग्रॅम वजनाचा पुरतो. उरलेल्या मिनो मात्र तळ्यात सोडू नयेत. परक्या पाण्यातील जीव त्या पाण्यास मानवतातच असे नाही.

ऋतू वसंताचा. पाण्याचे तापमान पंधरा ते वीस अंश सेल्सियसच्या दरम्यान आले की क्रॅपी अंडी घालण्यासाठी उथळ पाण्यात येतात. नर तळाशी घरटे साफ करून अंड्यांची राखण करतो. तेथील जुने लोक थर्मामीटर पाहत नाहीत, डॉगवुडची झाडे फुलली की काठी बाहेर काढतात, जसे आपल्याकडे पळस पाहून शिमग्याची चाहूल घेतात. उन्हाळ्यात व थंडीत मासा खोल पाण्यात जातो, नवशिक्याने तेव्हा फार अपेक्षा ठेवू नये. मेंफिसहून मोटारीने दोन-अडीच तासांवर रीलफूट हे सरोवर आहे. १८११-१२ च्या हिवाळ्यातील न्यू माद्रिदच्या भूकंपांनी जमीन खचून ते निर्माण झाले. बुडालेल्या अरण्याचे बुंधे त्यात अजून आहेत, पाण्यात उभे असलेले सायप्रसचे वृक्ष आहेत, आणि त्यांच्या मुळांशी क्रॅपी. दोनशे वर्षांपूर्वीच्या उत्पाताने माशांसाठी इतकी नेटकी वस्ती वसवावी, याचे मला दर वेळी नवल वाटते.

आता खुबीचा भाग. क्रॅपीचे डोळे माथ्याकडे असतात. तो वर पाहून भक्ष्य टिपतो, खाली क्वचित वळतो. म्हणून आमिष त्याच्या पातळीच्या किंचित वर लोंबले पाहिजे, आणि बॉबर दोऱ्यावर वर-खाली सरकवून खोली शोधण्यातच निम्मे कौशल्य आहे. दहा मिनिटांत काही न घडल्यास आधी खोली बदलावी, नंतर जागा. बॉबर बुडला की मासा लागला, हे सर्वांस ठाऊक असते. पण क्रॅपी पुष्कळदा आमिष खालून वर उचलतो. मग दोऱ्यावरचे वजन नाहीसे होऊन उभा बॉबर पाण्यावर आडवा पडतो. हा आडवा बॉबर ओळखता आला की नवशिका नवशिका राहत नाही. यानंतर हिसका मात्र द्यायचा नाही. या माशाच्या ओठांची त्वचा कागदासारखी पातळ, इतकी की त्याचे एक टोपणनावच ‘कागदी तोंडाचा’ असे आहे. हिसक्याने ती फाटते आणि मासा जखमी होऊन निसटतो. काठी नुसती संथपणे उचलावी, दोरा ताणलेला ठेवावा आणि शेवटी मासा जाळीत घ्यावा. अर्भकाची शीर शोधताना लागतो तोच हलका हात येथे हवा, असे मी पुतण्यास सांगितले. त्यास ती उपमा मुळीच रुचली नाही.

येथपर्यंतचे कोणताही मासेमार सांगेल. पुढचे बालरोगतज्ज्ञास सांगावयाचे आहे. आमिष खाली जावे म्हणून दोऱ्यावर चिरलेल्या बारीक गोळ्या दाबून बसवितात. या गोळ्या, तसेच बहुतेक जिगांची डोकी, परंपरेने शिशाची असतात, आणि पकड हाताशी नसली की गोळी दातांखाली धरून दाबणे ही जगभरच्या मासेमारांची सवय आहे. पुतण्याने कुठल्याशा चित्रफितीत ते पाहिले होते. काठावर बसल्या बसल्या गोळी त्याच्या ओठांशी गेली आणि मी त्याचा हात धरला. “काका, सगळे असेच करतात,” तो म्हणाला. सगळे करतात हे खरेच आहे. परंतु पोटात गेलेल्या शिशापैकी प्रौढ शरीर सुमारे दशांश शोषते, तर लहान मूल निम्म्यापर्यंत. गिळलेली गोळी जठरातील आम्लात विरघळू लागते. ती तेथेच रेंगाळली तर दुर्बिणीने काढावी लागते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने मुलांच्या रक्तातील शिशाची दखलपात्र पातळी १९९१ साली दर डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅम ठरविली होती; २०१२ मध्ये ती ५ आणि २०२१ मध्ये ३.५ वर आणली. निर्धोक अशी पातळी सापडलेलीच नाही. उपाय सोपा आहे : कथील, पोलाद वा टंगस्टनची वजने घ्यावीत. थोडी महाग पडतात, पण मिळतात. मेन, न्यू हॅम्पशायर, व्हरमाँट आदी राज्यांनी लहान शिशाच्या वजनांवर निर्बंध घातले आहेत, ते मुख्यतः लून नावाच्या पाणपक्ष्यांच्या मृत्यूंमुळे. मुलांसाठी तो निकष इतरत्रही घरोघरी पाळता येईल. जुनी पेटी हाताळल्यास हात धुतल्याखेरीज खाऊ देऊ नये. आपल्या किनाऱ्यावर जाळ्यांना लावलेल्या शिशाच्या गोळ्यांशी खेळणारी मुले ज्यांच्या दवाखान्यात येतात, त्या सहकाऱ्यांनीही हे ध्यानी ठेवावे.

गळ बोटात रुतणे हा दुसरा प्रसंग. गळाचा उलटा काटा आधीच पकडीने चेपून ठेवावा, म्हणजे माशासही त्रास कमी आणि बोटातूनही सहज निघतो. न चेपलेला उथळ रुतल्यास गळाच्या वळणाभोवती मजबूत दोरा घालावा, दांडा त्वचेकडे दाबून काट्याची पकड सोडवावी आणि दोरा दांड्याच्या रेषेत झटक्याने ओढावा. कानाच्या पाळीसारख्या हलत्या भागास ही युक्ती लावू नये. डोळ्यातील गळास कोणीही हात लावू नये. वर पेला उपडा धरून नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. धनुर्वाताच्या लसीची चौकशी करण्यास आपणा वैद्यांना सांगणे न लगे.

आणि पाणी. बुडणारे मूल ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही; बहुधा निःशब्द खाली जाते. टेनेसीत बारा वर्षांपर्यंतच्या मुलास चालत्या नावेत जीवरक्षक जाकीट सक्तीचे आहे. काठावर बसतानाही मी ते घालावयास लावतो. वहिनींना ते अति वाटते, वाटो.

परवान्याविना गळ टाकू नये. नियम राज्यागणिक निराळे : टेनेसीत तेरा वर्षांखालील मुलांस परवाना लागत नाही, पाहुण्या काकांना मात्र लागतो, आणि तो थोड्या दिवसांचाही मिळतो. रोज किती मासे ठेवावेत, किती इंचांखालचे सोडावेत, हेही राज्य ठरविते आणि तपासनीस खरोखर तपासतात. सोडावयाचा मासा ओल्या हाताने धरावा, म्हणजे त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर शाबूत राहतो.

उरलेले ताटात. क्रॅपीचे मांस पांढरे, मऊ, वासरहित. गोड्या पाण्यातील माशांत काही ठिकाणी पाऱ्याचा अंश असतो, म्हणून त्या तळ्याविषयीची राज्याची सूचना पाहावी. सूचना नसल्यास आठवड्यातून एकदाच खावा आणि त्या आठवड्यात दुसरा मासा खाऊ नये. आठ-दहा वर्षांच्या मुलास एका वेळी ऐंशी-पंच्याऐंशी ग्रॅम पुरेत. तेथील लोक मक्याच्या पिठात घोळवून तळतात. आम्ही हळद, तिखट, मीठ आणि आमसुलाचे आगळ लावून अर्धा तास ठेवतो आणि रव्यात घोळवून तव्यावर परततो. मुलाच्या पानात वाढण्यापूर्वी तुकड्यावरून बोट फिरवून काटा राहिला नाही ना, एवढे पाहावे.